तीन मोकळ्या जागा

साहेबांनी केबिनचं दार लावलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"ह्या सात ओळी. कोणी लिहिल्या, ते संध्याकाळच्या आत शोधून दे."

ऑफिसात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. कोणाचंही मशीन कुरकुरलं की तिलाच हाक. तीही पेशंट बघायला आल्यासारखी यायची: काय होतंय, कधीपासून होतंय, आधी काय केलं होतं? इथे लिफ्टचे प्रोग्राम लिहिले जात आणि सध्याचा एका हॉस्पिटलसाठी होता.

तिने ओळी वाचल्या. दाराच्या सेन्सरची चाचणी झाल्याची नोंद नसेल तर लिफ्ट जागची हलवू नका, एवढंच त्यात होतं. चाचणी झालेलीच नव्हती. घाई होती म्हणून साहेबांनी 'झाली' असं हॉस्पिटलला परस्पर कळवून टाकलं होतं. आज सकाळी पाहुण्यांसमोर बटण दाबलं, तर लिफ्ट ढिम्म हलेना. वर पडद्यावर ठळक अक्षरांत: दाराची चाचणी बाकी आहे.

"चारचौघांत नाक कापलं माझं. ज्याने केलं तो उद्यापासून इथे दिसणार नाही."

"लॉगिन कोणाचं आहे?"

साहेबांनी खाकरून घेतलं. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन ठेवायचा हट्ट त्यांचाच होता.

"ते सोड. हे बघ. आत सरकलेल्या ओळींआधी तीन मोकळ्या जागा आहेत. आपला नियम चारचा. सापडला की नाही चोर?"

तिने मान तिरकी करून पाहिलं. "खरंच की."

"मग हे तीनचं खूळ कोणाचं?"

"चार मीच लावलेत सगळ्यांच्या प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्ये; तो तेवढ्या जागा आपोआप सोडतो. ती ग्लोबल सेटिंग, मशीनवर सगळीकडे लागू. पण एखाद्याने आपल्या फोल्डरपुरती वेगळी सेटिंग ठेवली, तर त्या फोल्डरमध्ये तीच चालते."

"म्हणजे?"

"म्हणजे घरात टीव्हीचा आवाज हळू ठेवायचा, असा तुम्ही नियम केलात. पण सासूबाईंच्या खोलीत?"

"तिथे त्यांचाच नियम," साहेब नाइलाजाने म्हणाले. कधी नव्हे ते त्यांना पहिल्या फटक्यात कळलं. "बरं, मग ही तीनवाली सासूबाई शोधून काढ. तुला ह्या भानगडीत रस नाही, म्हणून तुला सांगतोय."

ती बाहेर आली तेव्हा बातमी सगळीकडे पोचलेली होती. ती पोचवण्याचं काम रेडिओ नावाचा मुलगा मन लावून करत असे. पहिल्यांदा तिने त्याचंच मशीन घेतलं.

"मी असतो तर आतापर्यंत दहा जणांना सांगून बसलो असतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. सरक."

तिने थोडी बटणं दाबली, काही तरी वाचलं, 'झालं' म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे वळली. तिथेही तेच. सगळे खुर्च्या मागे ओढून देत होते आणि बोलता बोलता मामांकडे बघत होते.

मामा सगळ्यांत जुने. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. चाचणीवरून साहेबांशी त्यांचं परवाच वाजलं होतं, तेही सगळ्यांदेखत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"माझ्यावरच येणार ना गं हे?"

"बघू तर द्या."

"मी नाही लिहिलं. पण लिहायला हवं होतं. त्या लिफ्टमधून लोक स्ट्रेचर नेणार."

तिची की-बोर्डवरची बोटं क्षणभर थांबली. मामांच्या टेबलाशी ती इतरांपेक्षा जास्त वेळ रेंगाळली आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

शेवटी ती केबिनमध्ये गेली. "तुमचंही बघते. नाहीतर रेडिओ म्हणेल, साहेबांना सोडलं."

"बघ की, खुशाल बघ," म्हणत साहेब उठले आणि पाठमोरे होऊन खिडकीबाहेर पाहत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मामाच ना?"

"नाही. मी पाहिलेल्या एकाही मशीनवर फोल्डरची वेगळी सेटिंग नाही."

"मग तीन कुठून आले?"

"ग्लोबलच तीन आहे. सगळ्यांची."

"चार तूच लावले होतेस ना?"

"लावले होते. मध्ये एडिटर अपडेट झाला, त्यानंतर बघायचं राहिलं. माझंच चुकलं."

"पण आपण तर अजून चारनेच लिहितोय."

"जुन्या फायलीत एडिटर जुनंच अंतर पुढे चालवतो. आपण कित्येक महिने जुन्या फायलीच दुरुस्त करतोय. ह्या सात ओळींची फाइल तेवढी नवी."

"म्हणजे हे कोणीही लिहिलेलं असू शकतं?"

"कोणीही." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "तुमच्याकडेही तीनच आहेत."

साहेब खुर्चीत बसले. टेबलावरचा फोन वाजायला लागला. वरच्या ऑफिसचा होता.

"आता ह्यांना काय सांगू?"

"तुम्हीच लिहिलं म्हणून सांगा. चाचणीशिवाय लिफ्ट चालू नये, म्हणून."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, टाय नीट केला आणि फोन उचलला. "हो सर, ते मीच घातलं होतं. सुरक्षेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. चाचणी उद्या सकाळी घेतोय, मी स्वतः उभा राहून."

ती बाहेर आली. मामा वाटच बघत होते.

"वाचवलंस गं मला," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी काय केलं? चाचणीची तयारी करा."

डॉक्टरीण आपल्या टेबलाशी येऊन बसली. तिचं मशीन बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. तिने आपला फोल्डर उघडला. त्यात पहिल्या नोकरीपासून सोबत आणलेली एका ओळीची सेटिंग होती: अंतर, तीन. ती तिने पुसून टाकली. सासूबाईंना आता वेगळ्या खोलीची गरज नव्हती. दुपारी ती टेबलाटेबलावर फिरून आल्यापासून सगळं घरच त्यांच्या नियमाने चालत होतं.