दानातली गाडी

उत्तर न दिलेलं पत्र आठ महिने ढुंढिराजशास्त्र्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. विष्णु मिस्त्री गाडीखालून बाहेर येईपर्यंत त्यांनी ते पुन्हा काढून वाचलं. बार्शीहून श्रीनिवासने लिहिलं होतं, की वडील दोनदा स्वप्नात आले. दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला उभे होते. तुमच्याकडची गाडी चालते आहे ना? काही खर्च असेल तर संकोच न करता कळवा.

गाडी त्या वडिलांचीच. नऊ वर्षांपूर्वी, सत्त्याऐंशीत, श्रीनिवास तीतूनच अस्थी घेऊन काशीला आला आणि तेराव्याला त्याने ती शास्त्र्यांना दान दिली. गेलेल्या माणसाच्या नावाने पलंग, छत्री, जोडे देतात. ते त्याला तिकडे वापरायला मिळतात अशी समजूत आहे. श्रीनिवासचे वडील पायी कुठेच जात नसत, म्हणून गाडी. अहिल्याबाई घाटावर तुळशीपत्र ठेवलेली किल्ली तळहातावर आली, तेव्हा शास्त्र्यांना नको म्हणता आलं नाही. त्यांना एरवीही ते जमत नसे.

सत्तावन्नाव्या वर्षी ते गाडी शिकले. दर एकादशीला सारनाथपर्यंत नेत आणि परत आणून लावत. स्वतःच्या कामाला कधी काढली नाही. बंद पडली की दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडे. उशीर झाला तर कुणीतरी खोळंबलं असेल असं त्यांना वाटे. आपला या गोष्टीवर विश्वास आहे की नाही, हे मात्र ठरत नव्हतं. ते शिकवत त्या पाठशाळेतल्या पोथ्यांमध्ये त्यांनी शोधून पाहिलं. दान दिलेल्या गाईबद्दल बरंच सापडलं. मोटारीबद्दल काहीच नव्हतं.

गेल्या वैशाखापासून गाडी लहुराबीरला मिस्त्रीच्या गॅरेजात उभी होती. चालत नाही असं लिहावं, तर श्रीनिवासच्या लेखी वडील वाटेत अडकले. चालते असं लिहावं, तर खोटं. खर्च मागावा, तर दान घेऊन त्याचा भार देणाऱ्यावरच टाकायचा. शास्त्र्यांच्या पत्नी शरदिनीबाईंचं म्हणणं सरळ होतं. चालते म्हणून लिहा आणि ते धूड भंगारात घाला, बार्शीहून कोण बघायला येतंय. सकाळी वाढताना त्या म्हणाल्या होत्या, "अहो, नऊ वर्षं दुसऱ्याच्या बापाला फिरवलंत. मला एकदा विंध्याचलला न्यावं, हे नाही सुचलं."

मिस्त्री हात पुसत उठला. इंजिन पूर्ण उतरवावं लागेल, सतरा हजार, आणि तरीही वर्षभर चालेलच असं नाही, असं त्याने सांगितलं. शास्त्र्यांकडे सतरा हजार नव्हते. आपण वाईट चालवली म्हणून असं झालं का, असं त्यांनी विचारलं.

"नहीं गुरुजी. मशीन है, घिसती है," मिस्त्री म्हणाला. "आप कहें तो बना देंगे, हम काहे मना करें? इसी गाड़ी ने हमारा ऊपर का कमरा बनवाया है."

मग गाडीभोवती फिरत तो एकेका भागावर हात ठेवून सांगू लागला, हे कधी बदललं, ते कधी बदललं. बोलताना तो हसत होता. शास्त्री हसले नाहीत. त्यांना सगळी सालं पाठ होती.

"जजमान का दिया अब इसमें है क्या? खाली ढाँचा, और मरा हुआ इंजन. बाकी सब आपका है, थोड़ा हमारा."

काढलेले जुने भाग कुठे गेले, असं शास्त्र्यांनी विचारलं. मिस्त्रीला प्रश्न कळला नाही. गेले, तो म्हणाला; गेलेलं कुठे गेलं याची चौकशी कोण करतो.

शास्त्र्यांनी बॉनेटवरची धूळ हाताने पुसली. मग त्यांनी किल्ली काढून मिस्त्रीच्या हातात दिली आणि जे आहे ते घेऊन टाक म्हणाले. पैसे नकोत.

मिस्त्रीने किल्लीकडे पाहिलं. "दान दे रहे हैं?"

"नहीं," शास्त्री घाईने म्हणाले. "दान नहीं. ऐसे ही ले लो."

चौकातल्या पोस्टात त्यांनी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि उभ्यानेच लिहिलं. लिहून झाल्यावर त्यात कुठे खोटं आहे का, म्हणून दोनदा वाचलं. सापडलं नाही. एकही खोटा शब्द नसलेलं वाक्यसुद्धा माणसाला फसवू शकतं, हे ते वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले होते. त्यांनी एक शब्द खोडला, तोच पुन्हा लिहिला. पाचच्या डाकेला दहा मिनिटं असताना पत्र पेटीत पडलं. त्यात एवढंच होतं:

"चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. गाडी आता इकडे नाही. टायर अठ्ठ्याऐंशीत गेले. बॅटरी आणि गाद्या नव्वदमध्ये. गिअरबॉक्स ब्याण्णवच्या पावसाळ्यात, रेडिएटर त्याच्या पुढच्या वर्षी. इंजिन गेल्या वैशाखात गेलं. ढाचा आज गेला. खर्च काही नाही. तुम्ही वडिलांच्या नावाने जे दिलंत, त्यातलं मी मागे काही ठेवून घेतलेलं नाही."