लाखेचा ठिपका

"प्लग लावू नका!" पाशामियाँ ओरडले, तसा रेडिओ दाखवायला आलेल्या केवळाबाईंचा हात बोर्डापासून झटकन मागे आला.

नांदेडच्या जुन्या बाजारातलं ते दुकान म्हणजे एक बोळकांडीच. चार बाजूंनी व्हॉल्व्हचे जुने रेडिओ रचलेले, मधल्या फटीत टेबल आणि टेबलामागे म्हातारे पाशामियाँ.

"जुन्या सेटला एकदम करंट द्यायचा नसतो, अक्का," ते आवाज उतरवून म्हणाले. "आधी उघडून बघायचं. मग या टांगलेल्या बल्बातून करंट सोडायचा. आत शॉर्ट असला तर बल्ब भगभगतो, सेट वाचतो. माणसाला मात्र आपला हात आपणच सांभाळावा लागतो."

"बसा जरा," म्हणत त्यांनी हातातलं काम आवरायला घेतलं. समोरचा सेट पार सडलेला होता. त्यांनी त्याची वायर आतल्या आत कापली, तिची गाठ मारली आणि गाठीवर तापल्या लाखेचा थेंब सोडला.

"कापली कशाला?" केवळाबाईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकाला शोभेला पाहिजे, लाकूड चांगलं आहे म्हणून. पण घरात कुणीतरी प्लग लावतंच. करंट आत जायलाच नको. असला सेट मी जिवंत वायरीनिशी बाहेर सोडत नाही."

त्यांनी तो बाजूला सारला आणि केवळाबाईंचा रेडिओ पुढे ओढला. "हा कधीपासून बंद आहे?"

"बंद कुठला? चालूच हुता म्हणं. ह्यानंच माझी लेक खाल्ली."

"कोण लेक?" पाशामियाँनी विचारलं.

"साक्षी. थोरली माझी. भोकरला दिली हुती. गाणं लावाया गेली अन् चिकटली, जावई म्हणले. आमी अर्धापूरहून पोचूस्तर तिला झाकून ठिवलं हुतं. त्याच दिशी माती झाली."

केवळाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते केव्हाच संपलं असावं.

पाशामियाँनी सेट फिरवला. मागच्या पुठ्ठ्याच्या स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका होता. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक सेटवर ते असा ठिपका ठेवत, म्हणजे मागाहून कुणी उघडला तर कळावं. या ठिपक्याला साधा तडाही गेला नव्हता. सेट त्यांच्याच हातून गेला होता आणि त्यांच्यानंतर कुणी तो उघडलेला नव्हता. चुकलं असेल तर त्यांचंच चुकलं होतं.

"दुकानात कुणी आणला होता हा?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मालकांनी आणला आसंल. साक्षीच्या लग्नाच्या आधी कुठूनतरी चकचकीत करून आणला त्यांनी, आमच्याकडं नुसता फळीवर हुता. आता तेबी न्हाईत विचारायला."

पाशामियाँनी आठवून पाहिलं. आयुष्यभरात किती सेट आले आणि गेले, त्यातला हा काही केल्या आठवेना.

"जावई म्हणले भंगारात घाला, अपशकुनी हाय. मी केळीच्या गोणपाटाखाली लपवून ठिवला. त्यांना आजबी ठाव न्हाई. ते बस्त्याला गेलेत, मला इथं न्यायला येतेत."

"बस्ता कुणाचा?"

"धाकटीचा. त्याच जावयांना, आदिनाथरावांना देऊन राहिलो. साक्षीचं लेकरू लहान हाय, शिवांश. मावशीपरीस माया कोण करंल? उद्या हळद हाय." केवळाबाईंनी पदर गच्च धरला. "पर पाशाभाई, मला झोप न्हाई. 'ने गं, बापाची आठवण हाय,' म्हणून मीच हा तिच्या गाडीत ठिवला हुता. माझ्याच हातानं लेक मेली का, येवढं सांगा. दोष घावला तर दडवू नका. मंग मी सुखानं धाकटीला वाटंला लावते."

दडवायचं नाही, असं पाशामियाँनीही मनाशी ठरवलं. आपल्या हातून घडलं असेल तर केवळाबाईंच्या तोंडावर कबूल करायचं. त्यांनी चार शिव्या दिल्या तर त्या खाली मान घालून ऐकायच्या. या वयात असा कलंक घेऊन अल्लाहपुढं कसं जायचं?

प्लग कुठेच लावलेला नव्हता, तरी करंट छातीतून जाऊ नये म्हणून सवयीने त्यांनी डावा हात पाठीमागे घेतला. उजव्या हाताने स्क्रूवरची लाख खरवडली, एकेक स्क्रू काढला.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

"जावई आले," केवळाबाई घाईने म्हणाल्या. "लवकर बघा. करंट कुठून आला, सापडलं का?"

पाशामियाँनी पुठ्ठा बाजूला केला आणि आत बॅटरीचा उजेड मारला. धुळीच्या जाड थराखाली वायर आतल्या आत कापलेली होती, तिला गाठ मारलेली होती आणि गाठीवर त्यांच्याच हातचा लाखेचा थेंब जसाच्या तसा होता.