मिशी

अवसरीच्या यात्रेतल्या नाटकाची तिसरी घंटा व्हायची होती आणि शालू नेसलेला गोरख आरशासमोर वस्तरा धरून घामाघूम झाला होता. नवरीचं काम करणारी बाई पुण्याहून आलीच नव्हती आणि तिचे संवाद एकट्या गोरखला पाठ होते. पण मिशी काढायची कशी? गावात बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवी, आणि त्याचे वडील तर पुढच्याच रांगेत बसले होते. "काढ की राव. मिशीवाली नवरी कोण बघंल?" पेटीवाला म्हणाला. गोरख वस्तरा ओठाजवळ नेई आणि पुन्हा खाली घेई. तेवढ्यात कनात सारून वडीलच आत आले. त्यांनी शालू पाहिला, वस्तरा पाहिला. गोरखला तोंड लपवावंसं वाटलं. "आण इकडं," म्हणत त्यांनी वस्तरा घेतला आणि त्याची हनुवटी धरली. "हलू नको. कुणी इचारलं तर सांग, जित्या बापानं सोता भादरली."