पिकअपचं नवं कुलूप

लुहेन्दे उपड्या क्रेटवर बसून मिस्त्रीच्या हातांवर नजर ठेवून होता. पापणीही लवू देत नव्हता. जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगशी वाकलेल्या मिस्त्रीनं खिशातून एक चावी काढून त्याला दाखवली.

"ही कशाची, ओळखा बघू."

"मला काय ठाऊक?"

"माझ्या बायकोच्या कपाटाची." मिस्त्रीनं ती गाडीला लावून फिरवली. गाडी खोकली आणि सुरू झाली. "बघितलंत? आतून पार झिजलंय. चमच्याच्या दांड्यानंही फिरेल. गाडी अजून तुमच्या दारात उभी आहे, हेच नवल."

"नवल कसलं?" लुहेन्दे मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. "चोर घरचाच आहे. परत आणून लावतो, म्हणजे कुणाला संशय नको."

अंगणाच्या टोकाला त्याचा भाचा शिगेला चटईवर रताळ्याच्या चकत्या वाळत घालत होता. त्यानं मान वर केली नाही. मान वर करत नाही म्हणजे मनात पाप आहे, असं लुहेन्देनं ठरवून टाकलं.

पाऊस संपल्यापासून हे चाललं होतं. दुपारी जेवून लुहेन्दे कडुनिंबाखाली आडवा व्हायचा. संध्याकाळी बघावं तर पिकअपच्या चाकांना ओली लाल माती, डिझेलचा काटा खाली, आणि सीट मागे सरकवलेली. घरात एवढ्या लांब तंगड्या एकट्या शिगेलाच्या. बहीण वारल्यावर या पोराला त्यानं पोटच्या मुलासारखं वाढवलं होतं, आणि आता तोच मामा झोपला की गाडी भाड्यानं फिरवत होता. रागानं लुहेन्देचं डोकं भणभणायचं. पायसुद्धा हल्ली संध्याकाळी ठणकायचे. वयच झालं होतं.

मिस्त्रीनं बॅटरीची तार सोडवली, स्टिअरिंगखालचं झाकण उतरवलं. चावी अर्धी फिरवून बाजूच्या भोकात बारीक खिळा दाबला, तसं जुनं कुलूप अलगद बाहेर आलं. त्या जागी त्यानं नवं बसवलं आणि दोन चाव्या लुहेन्देच्या हातावर ठेवल्या.

"तिसरी कुठाय?"

"दोनच येतात, म्हातारबा. झडती घ्या हवी तर."

लुहेन्देनं खरंच त्याचे खिसे चाचपले. मग एक चावी दोरीत ओवून गळ्यात घातली. इतक्यात त्याची बायको मिलेम्बे स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनीच धावत आली.

"अहो, दुसरी माझ्याकडे असू द्या."

"तुला गाडी येते चालवायला?"

"येत नाही. पण घरात एक असावी. अडीअडचणीला."

"मामी बरोबर सांगतेय, मामा," शिगेला पहिल्यांदाच बोलला. "एक घरात राहू द्या."

लुहेन्देनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. म्हणजे हीसुद्धा सामील आहे. तो तडक उठला, परसातल्या संडासाकडे गेला आणि दुसरी चावी त्यानं खड्ड्यात टाकून दिली.

"घ्या आता काढून. दोघं मिळून काढा."

मिलेम्बे तोंडाला पदर लावून आत गेली. चोरी उघडी पडली की बायका अशाच रडतात, असं त्याला वाटलं.

त्यानंतर काही दिवस गाडी जागची हलली नाही. लुहेन्दे खुशीत होता. जेवताना मक्याच्या पिठाच्या उगालीचा दुसरा गोळा मागून घ्यायचा, शेजाऱ्यांना गळ्यातली चावी दाखवायचा.

मग एका संध्याकाळी कडुनिंबाखाली त्याला जाग आली, तर अंगण मोकळं होतं. पिकअप नव्हती.

त्यानं गळ्याशी हात नेला. चावी जागेवर होती. त्यानं अशी काही बोंब ठोकली, की अख्खी आळी कुंपणाशी जमली. शिगेला शेतातून येत होता. लुहेन्देनं त्याची गचांडी धरली.

"कुठे विकलीस? मिस्त्रीकडून तिसरी चावी घेतलीस ना? बोल! चल पोलिसांत!"

शिगेलानं कॉलर सोडवून घेतली नाही. त्यानं मामीकडे पाहिलं. मिलेम्बेनं डोळे मिटून होकाराची मान हलवली. मग तो हळूच म्हणाला, "गाडी कुठे आहे ते दाखवतो. सायकलवर बसा."

"बघा! कबूल झाला!" लुहेन्दे लोकांना ओरडून सांगत कॅरिअरवर बसला. वाटभर तो भाच्याच्या पाठीला शिव्या देत होता. केतकीच्या कुंपणांमधून, मोठ्या दगडांच्या टेकडीला वळसा घालून, ओढ्याच्या चिखलातून सायकल कापसाच्या जुन्या जिनिंगपाशी थांबली. तरुणपणापासून लुहेन्दे इथल्या काट्यावर कापूस तोलत आला होता.

फाटकाला गंजलेली साखळी होती. आत छपरातून झाड वाढलं होतं. आणि फाटकाला नाक लावून पिकअप उभी होती. सीटवर लुहेन्देची टोपी होती. शेजारी कामावर न्यायचा डबा.



"हे... फाटक बंद का आहे?" त्यानं विचारलं. "कापूस यायची वेळ झाली."

"जिनिंग कधीच बंद पडली, मामा." शिगेलानं सायकल फाटकाला टेकवली. "तुम्ही दुपारी उठता, कामाला म्हणून इथे येता, फाटक वाजवता. मग गाडी इथेच सोडून पायी घरी जाता, आणि झाडाखाली झोपता. तुम्हाला कळू द्यायचं नाही असं मामीनं मला बजावलं होतं. मी यायचो आणि गाडी अंगणात नेऊन लावायचो."

लुहेन्देनं आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग लहान मुलासारखं त्यानं विचारलं, "मग आज का नाही आणलीस?"

"कशी आणणार? तुम्ही कुलूप बदललंत ना, मामा."