शेजारचा कमोड

"हेमा, कमोड म्हणतो माझ्या लघवीत रक्त आहे," शेजारच्या पाटणकरकाकू दारातूनच म्हणाल्या. "उद्या सुई घालून किडनीचा तुकडा काढणार आहेत. मला तर काहीच होत नाही गं."

ब्लाउजला हुक लावणारा हेमाचा हात थांबला. थायरॉइडच्या गोळ्यांनी त्या हाताची थरथर गेली होती, छातीची धडधड गेली होती. पण याच गोळ्यांनी एखादीच्या रक्तवाहिन्या सुजतात, किडनी जाते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लघवी तपासणाऱ्या घरच्या कमोडला रक्त दिसलं, तर त्याला जोडलेली गोळ्यांची डबी आपोआप बंद होणार होती. म्हणून लघवी लालसर दिसल्यापासून ती 'आमच्याकडे पाणी नाही' म्हणत काकूंकडे जायची. काकू एकट्या राहत. तिथला कमोड सगळं त्यांच्याच नावावर मांडायचा.

"काकू, ते रक्त माझं आहे."

हेमा उठली आणि स्वतःच्या बाथरूममध्ये गेली. ती बाहेर आली तेव्हा फडताळातल्या डबीला कुलूप लागल्याचा आवाज झाला. छाती आत्ताच धडधडायला लागली होती.

काकू दारातच होत्या. "मी तुझ्यासाठी रोज बादली भरून ठेवत होते," त्या म्हणाल्या. "उद्याची वेळ घेतलेलीच आहे. माझ्या जागी तू झोप."