चिठ्ठी कुठल्या खणात?

“हिचा पत्ता?” नवऱ्यानं एक चिठ्ठी वर धरून विचारलं.

सिस्टरनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. औषधाच्या खोक्याचं फाटकं झाकण होतं ते. आतल्या बाजूला तिच्याच गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, ‘आंघोळीची घाई नको. आधी ऊब.’

“पहिला तास,” ती म्हणाली. नवऱ्यानं झाकण तिसऱ्या खणात टाकलं आणि पुढची चिठ्ठी उचलली.

नवजात बाळांच्या वॉर्डात तिनं अठ्ठावीस वर्षं काढली होती. काही नवं उमगलं की हाताला लागेल त्या कागदावर खरडायचं आणि ॲप्रनच्या खिशात कोंबायचं. खिसा फुगला की घरी पिशवीत रिकामा करायचा. अशा सात पिशव्या साठल्या होत्या. आता महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती, आणि मोठ्या डॉक्टरांनी गळ घातली होती, “सिस्टर, नव्या मुलींसाठी एक पुस्तक लिहून द्या. तुम्ही गेलात की त्यांनी विचारायचं कुणाला?” ती हो म्हणून बसली. सोमवारी मजकूर द्यायचा होता. त्यासाठी आठ दिवसांची रजाही घेतली.

पहिले चार दिवस एकच चिठ्ठी शोधण्यात गेले. ती सापडली तेव्हा आपण ती कशासाठी शोधत होतो, हेच तिला आठवेना.

पाचव्या दिवशी नवऱ्याला राहवलं नाही. तेहेतीस वर्षं त्यानं टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी केली होती. त्यानं कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानातून बावीस रिकामी खोकी आणली, भिंतीला टेकवून आडवी रचून त्यांचे खण केले आणि सातही पिशव्या जमिनीवर उपड्या केल्या.

“अहो, हे काय करताय! आता मला काही म्हणजे काही सापडायचं नाही!”

“आत्ता तरी काय सापडतंय? तू फक्त पत्ता सांग. टाकायचं काम माझं.”

दोन दिवस हेच चाललं. एकच गोष्ट तिनं नऊ वेळा लिहिलेली निघाली, दर वेळी नव्यानंच सुचल्यासारखी. एक खण तर नुसता आज्यांसाठी करावा लागला. बाळ बघायला आलेल्या आज्यांना न दुखावता कसं थोपवायचं, यावर एकोणतीस चिठ्ठ्या होत्या. त्या वाचताना दोघंही जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. चिठ्ठ्या नुसत्या टाकून नवऱ्याचं समाधान होईना. कुठली आधी, कुठली नंतर, हे तिला विचारून विचारून त्यानं प्रत्येक खण ओळीनं लावला.

सातव्या दिवशी सकाळी सिस्टर कोरी वही घेऊन टेबलाशी बसली. ‘नवजात बालकाची शुश्रूषा ही अत्यंत महत्त्वाची बाब असून,’ असं लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. दुपारपर्यंत तिची ‘असून’च्या पुढे गाडी सरकली नाही.

“नाही जमायचं मला,” ती उठली. “बाळ हातात द्या, सांभाळते. पुस्तक लिहिणारी माणसं वेगळी असतात. डॉक्टरांना आजच फोन करून नाही म्हणून सांगते.”

“आधी डोक्यावरून पाणी घेऊन ये,” नवरा म्हणाला. “मग काय तो फोन कर.”

ती न्हाणीघरात गेली आणि टेबलावरचा तिचा फोन वाजला. वॉर्डातली नवी नर्स बोलत होती. “काका, सिस्टर आहेत? चौथ्या खाटेवरचं बाळ दोन घोट ओढतं आणि झोपून जातं. आई रडकुंडीला आलीये.”

“थांब हं, मुली.” नवऱ्याचा हात सवयीनं दूध पाजण्याच्या अकराव्या खणाकडे गेला.

सिस्टर ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आली आणि दारातच थबकली. नवरा खोक्यांसमोर उभा राहून फोनवर एकेक चिठ्ठी वाचून दाखवत होता.

“बाळ झोपतंय म्हणजे पोट भरलं असं समजू नका. ते दमलंय. आधी आईला पाणी द्या, तिची पाठ नीट टेकवा. दुपटं काढून बाळ तिच्या छातीशी उघडंच ठेवा, वरून पांघरूण घाला. तळपाय हळू चोळा. आईला रडू आलं तर रडू द्या, पण बाळ तिच्याकडून काढून घेऊ नका.” त्यानं पुढची चिठ्ठी उचलली. “दोनदा करूनही ओढत नसेल, किंवा अंग गार, ढिलं लागलं, तर मला शोधत बसू नका. तडक डॉक्टरांना बोलवा.”

सिस्टरला आपल्याच आवाजात कुणी दुसरं बोलत असल्यासारखं वाटलं. एकही शब्द इकडचा तिकडे करावासा वाटेना. नवऱ्यानं फोन ठेवताच ती पुढे आली. अकराव्या खणासमोर बसली आणि वरपासून एकेक चिठ्ठी वाचू लागली. मग बारावा खण ओढला. मग तेरावा. केसांतलं पाणी पाठीवर ओघळत होतं, तिला भान नव्हतं.

अर्ध्या तासानं फोन पुन्हा वाजला. या वेळी तिनं स्वतः घेतला.

“सिस्टर, बाळ ओढतंय! चांगलं चुटूचुटू ओढतंय!” नव्या नर्सचा आवाज आनंदानं उसळत होता. मागून कुणीतरी हसत होतं, बहुधा बाळाची आई. “आणि काय हो, पुस्तक लिहून झालं तरी सांगितलं नाहीत! काकांनी वाचलं ते कितव्या पानावर आहे?”

सिस्टरनं भिंतीला टेकलेल्या बावीस खोक्यांवरून नजर फिरवली.

“थांब जरा,” ती हसत म्हणाली, “पानांचे आकडे तेवढे घालायचे राहिलेत.”