हौसाची जागा

होडीच्या दुसऱ्या टोकाला दगड ठेवल्याशिवाय लिंबाजीला धरणात जाळं सोडता येत नसे. वीस वर्षं त्या टोकाला त्याची बायको बसायची. हौसा वल्हवायची आणि हा जाळं सोडायचा. दिवाळीआधी ती तापानं गेली आणि एकट्याच्या वजनानं होडी उलार व्हायला लागली. मग त्यानं काठावर हिंडून अंदाजानं तिच्याएवढ्या वजनाचा दगड शोधला आणि तिच्या जागेवर बसवला.

थंडीत मासळी तळाला बसते. बाकीच्यांनी होड्या काठावर पालथ्या घातल्या होत्या. लिंबाजी मात्र रोज जायचा आणि रिकामं जाळं आवरताना दगडाला सांगायचा, "आजबी काय न्हाई बघ."

त्या सकाळी जाळं ओढता ओढेना. महिन्याभराची कसर भरून निघेल एवढा कटला मासा लागला होता. सगळा आत घेतल्यावर होडी इतकी दबली, की पाणी काठावरून आत यायला लागलं.

किनाऱ्यावरून थोरला चुलतभाऊ गेनू ओरडला, "लिंबा, बुडशील. धोंडा दे टाकून."

लिंबाजीनं वाकून दगडाला दोन्ही हात घातले. मग हात काढून घेतले आणि एकेक कटला उचलून परत पाण्यात सोडायला लागला.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा गेनू कपाळाला हात लावून उभा होता. "येडा का खुळा तू? धोंडा टाकायचा सोडून मासं टाकलंस?"

लिंबाजी खाली मान घालून होडीतलं पाणी उपसत राहिला.

"तिला पवायला येत न्हवतं, गेनूदा."